नाटकाचं मूळ

कोणी नाटकाचा विषय काढला, की अक्का समोरच्याला पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "कथा?" पुण्या-मुंबईकडून आलेला माणूस लगेच सरसावून बसायचा आणि नाटकाची कथा सांगायला लागायचा. एक गृहस्थ असतात, त्यांची बायको शिकलेली असते, वगैरे. अक्का मुकुटाचे निखळलेले मणी चिकटवत सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या. नायक पश्चात्ताप होऊन घरी परतला, की चष्म्याच्या वरून बघत पुन्हा विचारायच्या, "हां. पन कथा?" मग आमच्यापैकी कोणीतरी त्या पाहुण्याला बाजूला घेऊन सांगायचं, की अहो, आमच्या अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे, कोणीकडे. नाटक कुठल्या गावाला न्यायचंय, ते विचारताहेत त्या.

मीही पहिल्या दिवशी याच खड्ड्यात पडले. मला तर पडायला काही कारणही नव्हतं. मी चोपड्याची. "कथा चालनी वं?" असं आई दिवसातून दहादा विचारायची, तेव्हा ती काही मला गोष्ट सांग म्हणत नसे. पण पुण्यात नाट्यशास्त्र शिकायला गेले आणि कान तिकडचे झाले. शेवटच्या सत्रात आम्हा प्रत्येकाला एकेका निर्मात्याकडे इंटर्नशिपला पाठवायचे. वर्गातली मुलं मुंबईच्या नावाजलेल्या निर्मात्यांकडे गेली. मला सरांनी सांगितलं, "तू जळगावला जा. तिथे एक बाई अहिराणी नाटकं करतात. तुला भाषा येते." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी पुण्याला जाऊन वळसा घालून आले होते. जळगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

अक्कांचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कपडे त्या भाड्याने द्यायच्या. भिंतीवर मावळ्यांच्या पगड्या, दोरीवर कोळणींची लुगडी, कपाटावर रावणाची तोंडं. त्यातलं एक तोंड कुठल्याशा शाळेने परत केलं नव्हतं आणि अक्का त्या शाळेला कायम 'रावणाची शाळा' म्हणायच्या. या सगळ्याच्या मधोमध, सुती पातळ नेसून, केसांचा घट्ट अंबाडा घालून त्या स्टुलावर बसलेल्या असत. हिवाळ्यात मुंबईची नाटकं जळगाव-धुळ्याला आणायच्या आणि उन्हाळ्यात स्वतःचं अहिराणी नाटक काढायच्या. नवरा प्रकाशयोजना करायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मंचावर कुठे अंधार राहिला की अक्का अजून त्याच्यावरच चिडायच्या. "त्याले मी कायम सांगू, डावीकडे उजेड कमी पडस. आयकाना तर तो कसाना?"

मुंबईच्या व्यवस्थापकांशी फोनवर बोलताना त्यांची भाषा इतकी स्वच्छ असायची, की पलीकडचा माणूस त्यांना पुण्याच्या समजायचा. "आपण निश्चिंत असावं, कलाकारांची सगळी सोय होईल," वगैरे. फोन ठेवला, की आमच्याकडे वळून, "हाऊ बाबा एसीमा बसीसन माले धुयानं ऊन समजाडस." धुयं म्हणजे आमचं धुळं. मला वाटायचं, बाई दोन भाषांत दोन वेगळी माणसं होऊन राहते. पुढे कळलं, की माणूस एकच होतं. मुंबईशी त्या फक्त कामाचं बोलायच्या, इतकंच.

मी गेले तेव्हा 'गिरणीचं नाटक' चालू होतं. त्याला दुसरं नाव होतं, पण ते फक्त पडद्यावर. बायका त्याला गिरणीचंच नाटक म्हणत. तीन जावा आणि एक पिठाची गिरणी, एवढाच संसार. जावांचं एकमेकींशी पटत नाही आणि गिरणीचा पट्टा कोणाच्या हातात राहणार, यावरून घर फिरतं. हसून हसून पुरेवाट व्हायची. जळगावचे प्रयोग झाल्यावर आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या मोठ्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग ठरला होता. अक्कांना ते नाट्यगृह खेड्यांतल्या बायकांनी भरलेलं बघायचं होतं. आजवर तिथे त्यांनी मुंबईची नाटकं भरवली होती, स्वतःचं एकदाही नाही.

मी कामाला लागले. छान जाहिरात तयार केली, तीन जावांचे फोटो, मधे गिरणी, खाली वेळ आणि ठिकाण. अक्कांनी ती मोबाइलवर दूर धरून बघितली आणि म्हणाल्या, "चांगली शे. पन अंडेरले कोनी फोटो धाडीसन माहेरले बलावस का?" अंडेर म्हणजे लेक. लेकीला माहेरी आणायचं तर माणूस जावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिचा बाप किंवा भाऊ तिला न्यायला जातो. त्या बोलावण्याला मूळ म्हणायचं, अहिराणीत मूय, आणि न्यायला जाणारा तो मुराई. अक्कांचं सगळं धंद्याचं शास्त्र या एका चालीवर उभं होतं. त्या प्रेक्षकांना जाहिरात करत नसत, मूळ धाडत. आणि त्या उन्हाळ्यात त्यांची मुराई मी होते.

मुराईचे त्यांचे नियम कडक होते. दारात उभं राहून बोलायचं नाही. ओट्यावर बसायचं, पाणी घ्यायचं, आधी तब्येतीची, मग केळीची, मग कापसाची विचारपूस करायची. सून न्यायची असेल, तर पहिलं आमंत्रण सासूला द्यायचं. "सासूले गाडीमा पुढे बसाडजो, म्हणजे सुना मांगे मोकया बोलतीस." गाडी कुठे उभी राहील, किती वाजता सोडेल, ते नावानिशी सांगायचं. आणि हो किंवा नाही ऐकल्याशिवाय उठायचं नाही. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण 'बघू' घेऊन परत यायचं नाही. मी यावल, चोपडा, शिरपूर असं सगळीकडे हिंडले. सोबत अक्कांची जीप आणि ती चालवणारे रशीदचाचा, जे अक्कांवर सतत कुरकुरायचे आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचंही ऐकत नसत.

माझंही एक त्यांनी मान्य केलं. मी त्यांच्याच आवाजात अहिराणीत एक निरोप मोबाइलवर रेकॉर्ड केला, "बठ्ठ्या बहिनीसले अक्काना राम राम," असा सगळ्या बहिणींना उद्देशून सुरू होणारा, आणि तो बचत गटांच्या बायकांमध्ये फिरवला. दोन दिवसांत तो मलाच तीन ठिकाणांहून परत आला. अक्कांनी तो कानाला लावून पूर्ण ऐकला. "हाऊ बी मुराईच शे," त्या म्हणाल्या, "फक्त याले पाय नहीत. पाय तुना." म्हणजे हिंडणं काही सुटलं नाही.

आणि मग ती कल्पना नावाच्या सुनेची गोष्ट घडली. यावलच्या पुढे एका गावात मी जळगावच्या प्रयोगाचं मूळ घेऊन गेले होते. ऊन मी म्हणत होतं, दिवसभर हिंडून जीव मेटाकुटीला आला होता. नियम सोडून मी दारातूनच एका सासूबाईंना म्हटलं, "मावशी, मूळ घेऊन आलेय. उद्या गाडी येईल, सुनेला पाठवा." त्या बाईंनी मला नीट न्याहाळलं. "इतल्या दिवसांनी याद आली का?" त्यांनी विचारलं. अक्कांचं नाटक त्या भागात मधली काही वर्षं गेलं नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, "हो ना, मधे जमलंच नाही." "आन परत कोन आनून सोडीन?" "आम्हीच सोडू." "मंग जाऊ दे तिले," असं म्हणून त्या आत वळल्या. मला वाटलं, किती समजूतदार सासू.

दुसऱ्या दिवशी कल्पना गाडीत चढली ती बॅग भरून, कडेवर लहान मुलगी, आणि व्याह्यांकडे द्यायला सासूने बांधून दिलेले पापड. बाकीच्या बायका जळगावला उतरून नाट्यगृहात शिरल्या. ही पायरीवर उभी. "हे कुठी आनलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिच्याकडून उलगडा झाला. तिच्या लग्नात मानपानावरून दोन घरांचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून तिच्या भावाने तिला एकदाही मूळ धाडलं नव्हतं. सासूला वाटलं, शेवटी धाडलं. कल्पनालाही तेच वाटलं होतं. ती आत गेली, बॅग मांडीवर घेऊन बसली, आणि गिरणीचा पट्टा तुटतो त्या प्रवेशाला सगळ्यांत जास्त तीच हसली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

प्रयोग सुटल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या रागावल्या नाहीत. कल्पनाच्या हातातली बॅग त्यांनी स्वतः घेतली आणि रशीदचाचांना म्हणाल्या, "चोपडाकडे ले." तिचं माहेर चोपड्याच्या अलीकडे होतं. दिवेलागणीला आम्ही पोचलो. भाऊ ओट्यावर बनियनवर बसला होता. बहीण बॅग घेऊन समोर उभी राहिलेली बघून तो उठला तो तसाच उभा राहिला. अक्का त्याला म्हणाल्या, "हाई नाटकनी गाडीमा उनी. औंदा आम्ही आनी. पुढला साल तू जाजो." उनी म्हणजे आली. त्याच्या आईने धावत येऊन नात उचलून घेतली. भावाने खाली बघत बहिणीच्या हातातले पापड घेतले. एवढंच. पण आम्ही निघालो तेव्हा तो जीपपर्यंत सोडायला आला.

परत येताना केळीच्या बागांतून गार वारा येत होता. मी सहज विचारलं, "अक्का, तुमचं माहेर कुठलं?" रशीदचाचा उगाचच खोकले. अक्का पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "शिरपूरना पुढे. डोंगरना पायथाले." मग वाऱ्याला पदर कानावरून घेत, "माले मूय येत नही." त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गावात एक नाटक आलं होतं. त्या नाटकात दिवे लावणारा पोरगा अक्कांना आवडला आणि अक्का त्याच्याबरोबर निघून गेल्या. आईबाप नव्हते, मोठ्या भावानेच त्यांना वाढवलं होतं. त्याने एवढाच निरोप पाठवला, की आता तुला मूळ नाही. आणि तो शब्दाचा पक्का निघाला. नवरा वारला तेव्हासुद्धा तिकडून कोणी आलं नाही.

गावोगावच्या बायकांना मूळ धाडणाऱ्या या बाईला स्वतःला कोणी न्यायला येत नव्हतं, हे कळल्यावर मला त्यांच्याकडे पूर्वीसारखं बघताच येईना. आखाजी जवळ आली तशी दुकानात बायकांची वर्दळ वाढली. आज माझा भाऊ येणार, उद्या हिचा बाप येणार. अक्का सगळ्यांची चौकशी करायच्या, कुणाला बांगड्या, कुणाला फराळाचा डबा द्यायच्या, आणि सगळ्या गेल्या की लुगड्यांच्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घालत बसायच्या.

धुळ्याच्या प्रयोगासाठी शिरपूरच्या बाजूला गाड्या कुठे कुठे जातील, ते ठरवायला आम्ही बसलो. अक्का गावं सांगत होत्या, रशीदचाचा हो हो करत होते. एका गावाशी त्या थांबल्या आणि थेट पुढच्या गावावर गेल्या. रशीदचाचांनी विचारलं, "और वो वाला?" अक्का म्हणाल्या, "तठे रस्ता खराब शे." रशीदचाचांनी माझ्याकडे बघितलं. त्या गावाचा रस्ता त्याच वर्षी नवा डांबरी झाला होता. आम्ही दोनदा त्याच्या फाट्यावरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी शिरपूरचं काम उरकल्यावर रशीदचाचांनी काही न विचारता त्या फाट्यावर जीप वळवली. गावाबाहेर एका निंबाखाली थांबवून म्हणाले, "मैं सोता हूँ. मुझे कुछ मालूम नहीं." मी घर विचारत गेले. अक्कांचे भाऊ ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. पांढऱ्याशुभ्र मिशा, अक्कांसारखंच रुंद कपाळ. मी ओट्यावर बसले. त्यांच्या बायकोने, मी त्यांना काकू म्हटलं, पाणी आणून दिलं. मी तब्येतीची विचारपूस केली, केळीची केली, कापसाची केली. मग म्हटलं, "आबा, मूळ घेऊन आलेय."

"कोनं मूय?"

"नाटकाचं. उद्या धुळ्याला. आपल्या अहिराणीत आहे. अक्कांचं आहे."

त्यांचा हात दोरावर थांबला. मग म्हणाले, "नाटक एकदाव आमना घर उनं व्हतं. बहीन लई गयं."

मला अक्कांनी मुराईचं सगळं शिकवलं होतं, पण घरी आलेलं नाटक बहीण घेऊन गेलं, याला काय उत्तर द्यायचं ते शिकवलं नव्हतं. मी बसून राहिले. हो किंवा नाही ऐकल्याशिवाय उठायचं नव्हतं. ते पुन्हा दोर वळायला लागले. उन्हं अंगणातून ओट्यावर आली. शेवटी ते म्हणाले, "ऊन चढी गयं पोरी. जा आते." हे हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "गाडी धाड. बाया येतीन. आन बाईले सांगजो, मी दर आखाजीले तिना नावना झोका बांधस. पोरंसोरं बसतस त्यावर, पन बांधस."

संध्याकाळी जळगावला येऊन मी अक्कांना सांगितलं. त्या नाटकातल्या थोरल्या जावेच्या लुगड्याला फॉल लावत होत्या. "तुले कोनी धाडं तठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझी मीच गेले." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "दादा वायला गया का?" वायला म्हणजे वाळलेला, रोडावलेला. मी म्हटलं, "नाही अक्का, तब्येत चांगली आहे." काकूंचा झोक्याचा निरोपही सांगितला. अक्का लुगडं तसंच मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रडत होत्या. पुसत नव्हत्या, लपवत नव्हत्या. दुकानात गिऱ्हाईक आलं, तर त्याच्याशी मीच बोलले.

धुळ्याचा तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे. अक्का नाट्यगृहाच्या दारात उभ्या होत्या. नाटकभर त्या दारातच उभ्या राहायच्या. पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत. आपलं नाटक त्यांनी आत बसून कधी पूर्ण बघितलंच नव्हतं. "निर्माताना पाय दारमा," त्या म्हणायच्या. एकेक गाडी येत होती, बायका उतरत होत्या, सासवा पुढे, सुना मागे. अक्का प्रत्येकीला हळदकुंकू लावत होत्या. डोंगराच्या बाजूची गाडी सगळ्यात शेवटी आली. काकू उतरल्या आणि नणंदेच्या गळ्यात पडल्या. मागून बाकीच्या बायका उतरल्या. आबा गाडीतच बसून राहिले. बाहेर बघितलं नाही, आत बघितलं नाही. समोरच्या काचेकडे तोंड करून, टोपी घालून, ताठ.

तिसरी घंटा झाली. नाटक सुरू झालं. अक्का दारात, आबा गाडीत, मधे उन्हाने तापलेलं ते पटांगण. मी दोघांकडे बघत होते आणि मला नाटकाचं एक वाक्य ऐकू येत नव्हतं. अक्का चार पावलं चालून गेल्या असत्या तर? पण दार सोडून त्या जाणार नव्हत्या, आणि आबा नाटकाच्या दारात येणार नव्हते. दोघं एकाच आईची.

मध्यंतरात बायका पाणी प्यायला बाहेर आल्या. तेव्हा आबा गाडीतून उतरले, पटांगण ओलांडून आले आणि पायरीपाशी थांबले. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघणं त्यांना जमलं नाही. तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "मी नाटकले नही उनू. मूय लई उनू."

अक्कांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. माझ्या मनात आलं, आता या सगळं सोडून जातील, आणि जावंच त्यांनी. पण त्या म्हणाल्या, "दादा, नाटक चालू शे."

"मंग थांबस मी," आबा म्हणाले, आणि तिथेच, अक्कांच्या पायांशी, पायरीवर बसले.

दुसरा अंक सुरू झाला. आतून हशा आला. आबांनी थोड्या वेळाने विचारलं, "कशाले हासतस?" अक्का खाली वाकल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या, की थोरल्या जावेने गिरणीचा पट्टा लपवलाय आणि धाकटी तो भाकरीच्या टोपलीत शोधतेय. पुन्हा हशा. आबांनी विचारलं, "मंग?" अक्का त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. तो सगळा अंक त्यांनी भावाला दाराबाहेर बसून सांगितला, आणि भाऊ 'मंग? मंग?' करत ऐकत राहिला. लहानपणी ते दोघं असेच बसत असतील.

पडदा पडला. बायका बाहेर आल्या. सामान आवरायचं होतं, नेपथ्य उतरवायचं होतं, नाट्यगृहाच्या माणसांशी बोलायचं होतं. अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "आते तू उभी ऱ्हाय दारमा." मी म्हटलं, "हो." काकूंनी त्यांना गाडीत मधे बसवलं. आबा पुढे बसले. गाडी सुटली तेव्हा आतल्या बायकांनी आखाजीचं गाणं धरलं होतं, आणि अक्कांचा आवाज त्यात वेगळा ऐकू येत होता. मी दारात उभी राहिले, शेवटची गाडी जाईपर्यंत.

माझी इंटर्नशिप तिथेच संपली. पुण्याला जाऊन मी प्रकल्प सादर केला. मार्क बरे मिळाले. परीक्षकांनी विचारलं, की प्रेक्षकविकासाचं हे मॉडेल इतरत्र राबवता येईल का. मी म्हटलं, येईल, पण माणसं चालत जाणारी हवीत. पुढे मुंबईत एका नाट्यसंस्थेत व्यवस्थापनाचं काम मिळालं. अजून तेच करते. तिथे नाटक नेताना आम्ही जाहिरातींवर डोकं शिणवतो, आणि पुढच्या रांगा मोकळ्या राहिल्या की मला यावलचे ते ओटे आठवतात, पाण्याचे तांबे आठवतात. इथल्या इमारतींत कोणाच्या दाराशी बसायचं आणि कोणाला केळीची विचारपूस करायची?

अक्का दरवर्षी आखाजीला माहेरी जात राहिल्या. तिकडून फोन करायच्या. "झोकावर बशेल शे मी," म्हणायच्या, "बोल लवकर, पोरं रांगमा शेत." दरवर्षी म्हणायच्या, तू ये. दरवर्षी माझा कुठेतरी प्रयोग असायचा. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. मी तेव्हा दौऱ्यावर कोल्हापूरला होते, वेळेवर पोचूच शकले नाही. रशीदचाचांनी फोनवर सांगितलं. दुकान बंद झालं. कपडे कुठल्या कुठल्या शाळांनी नेले. खूप आठवण येते हो त्यांची. कामात असताना येते, रिकामी असताना जास्त येते. फोनवर कोणी "कुठे आहेस?" विचारलं, तरी येते.

या वर्षी आखाजीला मी कोणाचंही न ऐकता रजा टाकली. चोपड्याला आईकडे गेले, आणि सणाच्या दिवशी सकाळी शिरपूरची एसटी धरली. का जातेय, ते मला नीट सांगता आलं नसतं. तिकडे आता माझं कोण होतं? मला कोणी बोलावलंही नव्हतं. अंगणात निंबाला झोका बांधलेला होता. आबा ओट्यावर बसले होते, पार थकलेले. मी फाटकात थांबले. बिनबोलावता आल्याची लाज वाटत होती. त्यांनी हाताचा आडोसा करून बघितलं. मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाही. मान वळवून घरात हाक दिली,

"आयकं का वं, दार उघड. अंडेर उनी."